जयमालाचे कान

समजा, तुम्ही आत्ता जयमालाच्या चक्कीवर उभे आहात. मेहकरहून हिवरा आश्रमाकडे निघालं की मध्ये एक फाटा लागतो, त्या फाट्यावरच्या गावात ही चक्की आहे. लाइट नुकतीच आली आहे, त्यामुळे दारात डब्यांची रांग लागली आहे. मोटर घुमते आहे, पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना फट्‌ फट्‌ वाजतो आहे, दगडांत ज्वारी भरडली जाते आहे आणि वरचं पत्र्याचं छप्पर या सगळ्याबरोबर थरथरतं आहे. तुमचं काम असं: एका हातानं कापडी नळीतून येणारं पीठ बोटांत चोळून बघत राहायचं, दुसऱ्या हातानं वरून पडणाऱ्या दाण्यांची धार कमी-जास्त करायची, नजर पिठावरून हलवायची नाही, आणि दारातल्या बायांपैकी कोण काय म्हणते ते ऐकायचं. एकीला बिबड्यांसाठी, म्हणजे पापडांसाठी, ज्वारी जाडसर हवी आहे. दुसरीचं म्हणणं, माझ्या गव्हाच्या आधी कुणाची बाजरी टाकू नको, पोळ्या काळ्या पडतात. तिसरी शेजारणीला जावेचं गाऱ्हाणं सांगते आहे. ते तुमच्यासाठी नाही, सोडून द्यायचं. पण त्या गाऱ्हाण्याच्या मध्येच ती म्हणून जाते की डब्यात हरभऱ्याची डाळ मिसळली आहे. ते मात्र सोडायचं नाही, कारण डाळीचं दळण वेगळं धरावं लागतं.

करून बघा. पहिल्या दिवशी तुम्हाला घरघरीशिवाय काही म्हणता काही ऐकू येणार नाही.

जयमाला लग्न होऊन आली तेव्हा तिचंही असंच झालं होतं. चक्की तिच्या सासऱ्यांनी, रंगरावांनी बसवलेली. ते नव्या सुनेला काही म्हणायचे आणि ती नुसती त्यांच्या ओठांकडे बघत राहायची. संध्याकाळी चक्की बंद झाल्यावरही तिच्या डोक्यात घरघर चालूच असायची. मग केव्हातरी, तिला स्वतःलाही कळलं नाही केव्हा, चक्कीचा आवाज मागे सरकला आणि माणसांचे आवाज पुढे आले. दोनेक वर्षांत अशी गत झाली की बाया दारात कुजबुजायच्या आणि ही पाठमोरी हसायची. शेजारच्या तानुबाई सगळ्यांना सावध करायच्या, "हिच्यासमोर कोनाचं काही बोलू नका बायहो. हिच्या पाठीले कान हायेत."

नवरा राजकुमार मेहकरच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा, मुलगी अकोल्याला नर्सिंग शिकायला गेली होती. रंगरावांचे गुडघे धरले तशी चक्की पूर्णपणे जयमालाच्या हातात आली. म्हातारा दारातल्या खुर्चीत बसून लोकांशी गप्पा मारायचा. एखाद्या वेळी चक्कीवरच्या पेटीतले दाणे संपत आले की तिच्याआधी त्याला समजायचं आणि तो खुर्चीतूनच काठी आपटायचा. सासरा-सुनेचं बरं चाललं होतं.

मग रंगरावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर चक्कीच्या मागच्या खोलीत त्यांची बाज टाकली, खिडकीत कूलर बसवला. डॉक्टरांनी बजावलं होतं की गिळण्यावर यांचा ताबा राहिलेला नाही, भरवताना घाई करू नका, जवळ बसून भरवा. प्रश्न होता हाक मारण्याचा. त्यांना नुसतं "अं" म्हणता यायचं आणि चक्की चालू असली की ते "अं" भिंतीच्या अलीकडे यायचं नाही. राजकुमारनं तोड काढली. विकून टाकलेल्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी घरात खुंटीवर होती. ती त्यानं बाजेच्या वर बांधली आणि तिची सुतळी बापाच्या डाव्या हातात दिली. मोठी, जाड आवाजाची घंटी. त्यानं ती वाजवून दाखवली तेव्हा किती दिवसांनी म्हाताऱ्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं.

सुरुवातीला घंटी वाजली की जयमाला चक्की सोडून धावायची. कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची. पण लवकरच घंटी कशासाठीही वाजायला लागली. रस्त्यावरून कोण गेलं, लाइट का गेली, आज पोरीचा फोन आला का. बोटानं खुणा करून म्हातारा विचारायचा आणि ही पिठानं माखलेल्या हातांनी उत्तरं द्यायची. ती गेली की पुन्हा घंटी. नंतर नंतर विचारायचंही काही उरलं नाही. ती दारात जाऊन उभी राहिली की ते नुसते बघत राहायचे. काम नसलेल्या हाताला सुतळी ही एकच गोष्ट होती, तो हात ती ओढत राहायचा. दुपारभर, संथ, एका लयीत. नव्या माणसाला वाटायचं मागच्या वाड्यात जनावर बांधलंय.

जयमाला धावायची ती चालत जायला लागली. चालत जायची ती हातातला डबा संपवून जायला लागली. मग तिनं स्वतःच ठरवून घेतलं की लाइट असेपर्यंत दर दोन-चार डब्यांनंतर आत डोकावून यायचं, घंटी वाजो न वाजो. यात म्हाताऱ्याची आबाळ झाली असं कोणी म्हणू शकलं नसतं. पडून पडून त्यांचं अंगही कधी फुटलं नाही, इतकं ती करायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा तो दिवस. गावात लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी पुरणाची तयारी, आणि लाइटचा पत्ता नाही. जयमाला सासऱ्यांना दूध-पोळी भरवत होती. निम्मी वाटी झाली आणि लाइट आली. कूलर सुरू झाला, आणि दारातून बाया एकदम हाका मारायला लागल्या. ही लाइट किती वेळ राहील कोणालाच माहीत नव्हतं. तिनं वाटी बाजूच्या स्टुलावर ठेवली, "मामाजी, थांबा हं, आलेच," म्हणाली आणि चक्की सुरू केली.

गहू, गहू, मग ज्वारी. तानुबाई रांगेत होत्या, त्यांची लेकही सोबत आलेली. जयमालाला नंतरही आठवत राहिलं की त्या वेळी कोण काय बोललं. तानुबाई म्हणाल्या, बारीक काढ बाई, जावई येनार हाय. मागून कोणीतरी कैऱ्यांच्या लोणच्याचं बोललं. हे सगळं तिच्या कानांनी नीट घेतलं.

मग मध्येच तिचे हात थांबले. काहीतरी बदललं होतं. काय ते कळेना, पण ऐकण्यात काहीतरी कमी झालं होतं, जिन्यावर एक पायरी कमी निघावी तसं. चक्कीवर इतकी वर्षं काढलेलं माणूस अशा वेळी जे करेल तेच तिनं केलं. चक्की तपासली. पट्टा सैल झाला का पाहिलं. पेटीत दाणे होते. मोटरच्या पाठीवर हात ठेवून ती तापली का बघितलं. दगड घासत आहेत का म्हणून ते आवळणारी मूठ थोडी सैल केली, पीठ पुन्हा चोळून पाहिलं. सगळं ठीक होतं, आणि तरी ती उणीव भरून निघत नव्हती. शेवटी तिनं बटन बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. बाया ओरडल्या, लाइट असताना काऊन बंद केली. आतून फक्त कूलरचा आवाज येत होता.

तेव्हा तिला समजलं की कमी काय झालंय.

ती आत गेली तेव्हा स्टुलावरची वाटी बाजेवर उलटी पडलेली होती. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं ती ओढून घेतली असणार. सुतळी मनगटाला गुंडाळली गेली होती. चेहरा निळा पडला होता. तिनं त्यांना कुशीवर केलं, पाठीत मारलं, तोंडात बोट घालून जे निघालं ते काढलं. काहीच उपयोग झाला नाही. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घास श्वासनळीत गेला.

वाटी स्टुलावर ठेवली याचा दोष कोणी तिला दिला नाही. लाइट आल्यावर हातातलं टाकून उठावंच लागतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बोट ठेवलं गेलं ते दुसरीकडे.

नणंद पुष्पांजली चिखलीहून आली. वयानं मोठी, बापाची लाडकी. तेरवीच्या आदल्या दुपारी बाया डाळ निवडत बसल्या होत्या आणि बोलता बोलता तानुबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या सांगत होत्या की आपली लेक त्या दिवशी चक्कीवर विचारत होती, आई, ही घंटी कायची एवढी जोरानं वाजून राह्यली? "म्या म्हनलं, ते रोजचंच हाय."

निवडणारे हात थांबले. पुष्पांजलीनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे घंटी वाजली होती," ती म्हणाली. "परगावच्या पोरीले ऐकू आली. तुले नाही आली, जयमाला? तुह्या तर पाठीले कान होते ना?"

जयमालानं पुढ्यातली डाळ पुन्हा ओढली. तिला घंटी ऐकू आली नव्हती, हे खरं होतं. आणि ते कोणाला खरं वाटणार नाही, हेही खरं होतं.

पुष्पांजली जाताना नीट बोलली नाही. पुढं गावातही ती गोष्ट चघळली जायला लागली. चक्कीवरच्या बाया पूर्वीसारख्याच यायच्या, कारण दुसरी चक्की लांब होती, पण जयमाला पाठमोरी असली की आता खरंच गप्प व्हायच्या. राजकुमार हे बघत होता. त्याला एक दिवस सुचलं की बायकोचे कान गेले असतील. चक्कीवाल्यांचे जातात. तुला माणसाचं बोलणं ऐकू येतं, पण बाकीचं येत नसेल, असं त्यानं तिला समजावलं. तपासून घेऊ. कागदावर आलं की पुष्पाचंही तोंड बंद होईल.

जयमालानं ती गोष्ट घट्ट धरून ठेवली. तपासणीचा दिवस येईपर्यंत ती घरात मुद्दाम ऐकून बघायची. दूध उतू जाताना ऐकू आलं नाही तर तिला बरं वाटायचं.

बुलढाण्याच्या त्या दवाखान्यात कान तपासायला महनूर नावाची तरुण मुलगी होती. शिकून नुकतीच कामाला लागलेली, बोलायला गोड. तिनं जयमालाला एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं, दरवाजा गोदामासारखा जड. तो बंद झाला आणि जयमाला घाबरली. इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. तिला स्वतःचं रक्त ऐकू यायला लागलं. कानांवर यंत्र बसवलेलं, हातात एक बटन. महनूर काचेपलीकडून म्हणाली, "ताई, अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं."

आवाज आला. पिवळ्या माशीच्या पंखासारखा बारीक, पण आला. जयमालाचा अंगठा बटनावर होता. तिनं दाबलं नाही. दुसरा आला. तोही जाऊ दिला. एवढं सोपं होतं ते. असंच बसून राहायचं, मग कागदावर येईल की हिला ऐकू येत नाही, आणि मग सगळं संपेल. गाव गप्प, पुष्पाताई गप्प.

महनूरला शंका आली असावी. ती दार उघडून आत आली, यंत्र नीट केलं आणि न रागावता पुन्हा समजावून सांगितलं. ती गेल्यावर आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. या वेळी जयमालानं दाबलं. पुढचा आला, तोही दाबला. खोटं बोलून गावाची समजूत घालता आली असती. तिला स्वतःला मात्र काहीच कळलं नसतं, आणि ती इथवर आली होती ते खरं तर त्यासाठीच.

त्यानंतर महनूरनं दुसरी तपासणी केली. कानात खूप माणसं एकाच वेळी बोलत असल्याचा कल्लोळ, आणि त्यात एक बाई एकेक शब्द म्हणणार. तो शब्द ओळखून सांगायचा. कल्लोळ वाढत गेला. जयमाला डोळे मिटून सांगत गेली. घर, पाऊस, विहीर, काकडी. बाहेर आल्यावर महनूर हसत होती.

"ताई, इतक्या गोंगाटात मलासुद्धा इतके शब्द सापडत नाहीत. अगदी वरच्या पट्टीत ऐकू येणं थोडं कमी झालंय, ते चक्कीमुळं. कानात बोळे घालत जा. बाकी कान एकदम चांगले आहेत."

राजकुमारनं कागद हातात घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. त्याचा चेहरा पडलाच. जयमालानं मात्र खुर्ची सोडली नाही. एक घंटी, बैलाच्या गळ्यातली, या कानांना ऐकू येते का, असं तिनं विचारलं. महनूर म्हणाली, येते की. मग जयमालानं तिला सगळं सांगितलं. राजकुमार मध्ये दोनदा "जाऊ दे ना" म्हणाला, पण ती थांबली नाही.

महनूरचं हसू गेलं. तिनं टेबलावरच्या वायरी गुंडाळल्या. मग तिनं जमेल तसं सांगितलं. कान काही निवडत नाही, तो सगळंच आत पाठवतो. निवड मेंदू करतो. जो आवाज पुन्हा पुन्हा येतो आणि ज्यातून नवीन काही निघत नाही, तो मेंदू बाजूला ठेवायला लागतो, नाहीतर माणसाला जगताच येणार नाही. अंगावरचे कपडे आपल्याला दिवसभर जाणवत नाहीत, तसं. तुम्ही चक्कीचा आवाज असाच बाजूला ठेवायला शिकलात, म्हणून तर बायांचं बोलणं ऐकू येतं. घंटीचंही तेच झालं असेल.

"पन ती थांबली ते मले समजलं," जयमाला म्हणाली.

"हो. कारण बाजूला ठेवलेला आवाजही मेंदू पूर्ण सोडत नाही. त्याची दखल आत कुठंतरी चालू असते. तो तुटला की जाग येते."

"म्हंजे कोनीतरी ऐकत होतं ते. आत."

"तसं म्हणता येईल."

"जोरानं वाजत होती म्हने. तानुबाईच्या पोरीले जोर समजला. मले काऊन नाही समजला?"

महनूरनं मान हलवली. कधी समजतो, कधी नाही, एवढंच तिला सांगता आलं. मग जयमालानं आवाज खाली आणला. राजकुमार ऐकत होता, तरी ती बोलली.

"पहिले घंटी वाजली का मले राग यायचा, मॅडम. दात धरून दळन दळायची मी. मनात म्हनायची, वाजवा, मी नाही येत. असे लय दिवस गेले. मंग राग यायचा बंद झाला. मले वाटलं, आपला जीव निवला. तवाच ती घंटी ऐकू यायची बी बंद झाली असंल."

महनूरनं मोकळेपणानं कबूल केलं. मेंदू काही आवाज आपोआप सोडतो आणि काही आवाज माणूस मनावर घेऊन दाबतो, दोन्ही होतं. दाबता दाबताही सवय होते. तुमच्या बाबतीत काय झालं, हे या यंत्रातून दिसत नाही. कोणत्याच यंत्रातून दिसत असेल असं मला वाटत नाही. उगीच मनाला लावून घेऊ नका, असंही ती म्हणाली, पण ते म्हणताना तिनं जयमालाकडे बघितलं नाही.

बुलढाण्याहून चिखलीमार्गे परतणाऱ्या गाडीत दोघं शेजारी बसले होते. राजकुमारनं खिशातला कागद चाचपला. मग म्हणाला, "आपन सांगू, कान अधू निघाले म्हनून. कागद कोन वाचते?"

जयमालानं त्याच्याकडून फोन मागून घेतला आणि पुष्पांजलीला लावला. गाडीत गर्दी होती, कंडक्टर ओरडत होता, मागं कोणाचं तरी पोर रडत होतं. पुष्पांजलीचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता. तिनं सांगितलं की कान चांगले आहेत, डॉक्टरनं तपासले, काही झालेलं नाही त्यांना. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. राजकुमारनं फोन परत घेतला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या दिवाळीला पुष्पांजली माहेरी आली नाही.

चक्की चालू आहे. जयमाला कानात कापसाचे बोळे घालते आणि तरीही बायांचं बोलणं तिला कळतं. मागच्या खोलीत आता पिठाच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी असते. चालू चक्की मध्येच बंद करण्याची तिला खोड लागली आहे. दळण अर्धवट असतं, लाइट असते, आणि ती बटन दाबून उभी राहते. बाया कुरकुरतात. काय ऐकतेस म्हणून विचारलं तर काही नाही म्हणते आणि पुन्हा सुरू करते.

वर्षानं पुन्हा दाखवायला या, असं महनूरनं सांगितलं होतं. वरच्या पट्टीतलं कमी झालेलं वाढलं का ते बघायला. जयमाला जाणार आहे. राजकुमार म्हणतो, कान चांगले हायेत तर काऊन पैसा घालतेस गाडीभाड्यात. तिला कानांचं काही विचारायचं नाही. मधल्या काळात त्या पोरीनं आणखी काही वाचलं असेल, कोणाला विचारलं असेल, एवढीच तिला आशा आहे. काय विचारायचं ते तिनं पक्कं करून ठेवलं आहे, चक्कीपुढं उभी असताना ती ते शब्द ओठांतल्या ओठांत फिरवत असते: मॅडम, ती घंटी माह्या डोक्यानं आपोआप सोडली, का म्याच त्याले सोड म्हनलं?